चुना, ऑइल पेंट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, आणि कृपा करून लगेच 'त्यात काय एवढं' म्हणू नका. आयुष्यभर तेच ऐकत आलो आहे.

इथे परभणीकडच्या बोरीत सगळा काळा पाषाण. तो लाव्हारस थिजून झाला, म्हणून प्रत्येक दगड तसाच झाला असे सगळ्यांना वाटते. अहो, मी वितळलोच नाही! मी मुळात चिखल होतो. त्या चिखलात टायटॅनियम कणाकणाने विखुरलेले होते. वरून थरावर थर चढले आणि मी खोल खोल गेलो. तिथली उष्णता आणि दाब काय सांगू! मी घट्टच राहिलो, पण आतून सगळा बदललो. जुनी खनिजे मोडली, त्यांत अडकलेले टायटॅनियम सुटले आणि एकत्र येऊन त्याचे तांबडे स्फटिक बनले. त्यांना रुटाइल म्हणतात. कोट्यवधी वर्षांची ही मेहनत, आणि लोक विचारतात, "याच्यावर मिरची वाटता येईल का?"

भंडाऱ्याकडच्या एका खाणीतून मला विज्ञानाच्या सुमनबाईंनी बोरीच्या शाळेत आणले. तिथे माझे काय झाले? खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत लावले. एकदा तर माझ्यावर बाभळीच्या शेंगा फोडल्या. आठ वर्षे!

मग सत्त्याऐंशी साली दहावीतल्या उमादेवीने मला उचलले. रंग-खिळ्यांचे दुकान चालवणाऱ्या मन्मथअप्पांची ही मुलगी. जिंतूरच्या विज्ञान प्रदर्शनात ती माझी गोष्ट सांगणार होती. अप्पांनी तिला बजावले होते, "तिथल्या साहेबांपुढं धड बोललीस तर अकरावीला परभणीला धाडतो. न्हाई तर शाळा बास." वर्षभर ती माझ्याबद्दल वाचत होती. इतके लक्ष मला कुणी कधी दिले नव्हते. मला खरेच भरून आले.

आणि तेवढ्यात शाळा तपासायला साहेब येणार अशी बातमी आली. आपल्याकडे साहेब येणार म्हटले की ब्रश आधी आणि विचार नंतर! भिंतींवरच्या विद्यापीठाच्या नामांतराच्या दोन्ही बाजूंच्या घोषणा चुन्याखाली गेल्या. झाडांचे बुंधे, कुंड्या, पायवाटेचे दगड, सगळे पांढरे झाले. अप्पांनी शाळेला पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा दिला होता. तो हातात घेऊन शिपाई मुंजाजी माझ्यापर्यंत आले आणि मला वरून खालपर्यंत रंगवून मोकळे झाले. वर स्वतःच मला गोणपाटात बांधून ठेवले.

जिंतूरला टेबलावर गोणपाट सुटले. उमाचा चेहरा पांढरा पडला. सोबत आलेले मुंजाजी कौतुकाने म्हणाले, "लय मळला होता बाई, चकाचक केलाय!"

परीक्षक आले. "तांबडे स्फटिक कुठे आहेत?" त्यांनी विचारले. आसपासची मुले फिदीफिदी हसली. मागे अप्पा उभे होते. उमाच्या डोळ्यांत पाणी आले. मला ओरडावेसे वाटले, पण दगडाला कुठले तोंड!

तिने कंपासपेटीतले कर्कटक काढले आणि माझ्यावरचा रंग खरवडायला लागली. बोटभर जागा मोकळी झाली आणि माझा तांबडा स्फटिक चमकला.

"सर, टायटॅनियम हितं हाय," ती म्हणाली. "आन् वरच्या पांढऱ्या रंगात पन तेच हाय. असल्या खनिजापासूनच ती पांढरी भुकटी करत्यात. मुंजाजीकाकांनी दगडाला दगडाच्याच भावकीनं झाकलंय."

मग ती चिखलापासून स्फटिकापर्यंत सगळे न अडखळता सांगत गेली. शेवटी मी वितळलो नव्हतो, हेही ठासून सांगितले! बक्षीस मात्र कुणा दुसऱ्याच शाळेच्या ज्वालामुखीला मिळाले. त्यातून धूर निघत होता ना.

अप्पा जवळ आले. "मला त्यातलं लय कळलं न्हाई," ते म्हणाले. "पन ईस वर्सं रंग इकायलोय, डब्यात काय असतंय ते आज कळलं. उमे, परभणीचा फारम आन."

ती परभणीला गेली. मी पुन्हा शाळेत आलो, आता कपाटात आहे, बोटभर तांबडा आणि बाकी सगळा पांढरा. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो, कुणाला सुधारायला निघण्याआधी तो कोण आहे ते विचारा. मला रंगवायला मुंजाजींना पाच मिनिटे लागली, आणि मला ओळखायला त्या पोरीला एक वर्ष.