एकाच नावाची तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे. ग्रामोफोनवर वाजणारी, काळी, लाखेची. मित्रांनो, तुम्ही मला कढईवरचे झाकण समजाल आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

मी मुंबईच्या कारखान्यात तयार झाले, पण माझ्यातले गाणे बुलढाणा जिल्ह्याचे. वडनेर भोलजीचा तुळशीराम ढोलाच्या ठेक्यावर भराभर कवने बोलायचा. दम ऐकणाऱ्यांना लागायचा, त्याला नाही. मलकापूरच्या रहेमतुल्लाचा बँड होता. त्याची क्लॅरिनेट सुरू झाली की घोडीवरचा नवरदेवसुद्धा मान डोलवायचा. एका सिनेमावाल्याने दोघांना एका वरातीत ऐकले आणि मुंबईला नेले. तिथे तीन दिवस ते एकाच ताटात जेवले. शब्द तुळशीरामचे, चाल आणि बँड रहेमतुल्लाचा. मी दोघांची आहे, अशीच माझी समजूत होती.

मलकापुरात मला पहिल्यांदा आणले ते शेषराव लाऊडस्पीकरवाल्याने, रहेमतुल्लाच्या मुलीच्या, गुलनारच्या लग्नासाठी. रहेमतुल्लाने व्याह्यांना महिनाभर आधीच सांगून ठेवले होते, "माह्या पोरीच्या शादीत माहं नाव भोंग्यावर येईन!" शेषरावची पद्धतच तशी होती. तबकडी लावण्याआधी तो तिच्या मधल्या लाल कागदावरची नावे माईकवर वाचायचा.

मांडव भरला. शेषरावने मला हातात धरून वाचले, "गीत, संगीत आणि गायक, तुळशीराम वडनेरकर!"

"पुढचं नाव वाच नं," रहेमतुल्ला हसत म्हणाला.

"पुढं काहीच नाही, रहेमतभाई."

पहिल्याच रांगेत तुळशीराम बसला होता. त्याने मान खाली घातली.

"काऊन बे तुळशा? कंपनीवाले भुलले का?"

"भुलले नाही. मले इचारलं होतं त्यायनं, दुसरं नाव टाकायचं का म्हणून."

"मंग?"

"म्या म्हटलं, एकच पुरे."

मित्रांनो, माझा विश्वासघात झाला. ज्याचा श्वास माझ्या अंगात भरला होता, त्याच्याच नावाला माझ्या कपाळावर जागा नव्हती. त्याच्या मांडवात मी खोटी साक्षीदार ठरले. मला तिथेच तडकावेसे वाटले.

"लाव शेषराव," रहेमतुल्ला म्हणाला, "पाव्हणे वाट पाहून राह्यले."

मी वाजू लागले. क्लॅरिनेट ऐकून लोक वाहवा करू लागले. व्याही जवळ येऊन म्हणाले, "तुमी तं म्हणत होते, हे तुमचं गाणं हाय?"

"नाही जी," रहेमतुल्ला म्हणाला, "तुळशीरामचं हाय."

पुढे मी खूप गाजले. लग्नात, जत्रेत, पोळ्याला माझ्यावाचून कोणाचे पान हलेना. पण ते दोघे पुन्हा एका मांडवात कधी दिसले नाहीत. नंतर नवी यंत्रे आली आणि शेषरावने मला माळ्यावर टाकले. त्याचे मला दुःख नाही.

जुन्या तबकड्या उन्हात ठेवू नका, त्यांच्यावरची धूळ मऊ कापडाने पुसा, हे मी सांगायला हवे. पण मला पुसले नाही तरी चालेल. कधी माझ्यातली क्लॅरिनेट तुमच्या कानी पडली, तर शेजारी बसलेल्याला सांगा, की ही मलकापूरच्या रहेमतुल्लाने वाजवली आहे. मला ते आजवर कोणाला सांगता आले नाही.