गरम झाली की बंद पडते

आर्णी सहा किलोमीटरवर राहिली असताना गाडी बंद पडली. मागून ट्रक येत होता.

इंजिनचा आवाज एकाएकी गेला आणि स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. संगीताने सगळा जोर लावून गाडी डावीकडे वळवली, ब्रेकवर पाय दिला. तेवढ्यात पाठीशी घेतलेली उशी सरकली, ती सीटमध्ये मागे गेली आणि पाय पेडलवरून निसटला. ट्रकने लांबलचक हॉर्न दिला आणि आरशाला घासतो की काय असं वाटावं इतक्या जवळून निघून गेला. गाडी घरंगळत जाऊन कडेच्या मुरमात थांबली.

"लागलं तं नाही नं तुले, याडी?" संगीताने आईला विचारलं.

रुपीबाईने दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरून ठेवला होता. "नाही," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "थंडी होऊ दे तिले. वीस मिनटात चालू होते ते."

हे संगीताला माहीत होतं. गेले सहा महिने गाडीचं हेच चाललं होतं. अर्धा-पाऊण तास नीट चालायची, गरम झाली की पटकन बंद पडायची, आणि निवली की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

गाडी संगीताच्या थोरल्या भावाची, बबलूची. आर्णीला डोंगरसिंगच्या गॅरेजमध्ये काम शिकत असताना त्याने ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि स्वतःच्या हातांनी तिचं इंजिन उतरवून नवं केलं. वर्षभर चालवली आणि मग मस्कतला एका गॅरेजमध्ये कामाला गेला. जाताना म्हणाला होता, "दोन वर्सांत येतो. तवर हिले कोणाचा हात लागू देऊ नका. काही झालं तं मी आल्यावर पाहीन." दोनाची चार वर्षं झाली. रुपीबाईने मात्र तो शब्द जपला. दर रविवारी ती ओल्या फडक्याने गाडी पुसायची. बबलू उंच, त्यामुळे ड्रायव्हरची सीट पार मागे लोटलेली होती. ती जागची हलवायलाही रुपीबाईची मनाई होती. संगीता पाठीशी उशी घेऊन गाडी चालवायची.

मागच्या वर्षी रुपीबाई अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला दुचाकीवर बसता येत नव्हतं. दवाखाना म्हणा, बाजार म्हणा, गाडीशिवाय तिला तांड्याबाहेर पडता येईना. संगीता जवळच्या उपकेंद्रात नर्स होती. आज तिने मुद्दाम रजा घेतली होती. दिग्रसला मामाच्या नातीचं लग्न होतं.

संगीता खाली उतरली. मार्च संपत आला होता. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळी केलेली काळी वावरं उन्हात पडली होती, सावली कुठे नव्हती. तिने उशी उचलून मागच्या सीटवर टाकली, वाकून सीटखालचा खटका ओढला आणि सीट पुढे सरकवली. चार वर्षं न हललेली सीट करकरत पुढे आली.

रुपीबाई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

संगीताने बबलूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेनऊ वाजले होते. त्याने फोन उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि टायरांच्या ढिगाआड गेला.

"पुन्हा बंद पडली काय?"

"हो, भिया. रोडवर. ट्रक अंगाजवळून गेला."

त्याचा चेहरा उतरला. "याडी?"

"बरी हाय. बाजूलेच बसून हाय."

"बरं. आता मी सांगतो तसं कर. पयले लाईट लाव. उजेड कसा पडते?"

संगीता समोर जाऊन पाहून आली. "भक्क हाय."

"म्हणजे बॅटरी चांगली हाय. आता चावी फिरव, पण सेल्फ मारू नको. मांगच्या सीटखालून घूं असा आवाज येते काय?"

तिने श्वास रोखून ऐकलं. "येते."

"म्हणजे पंप चालू हाय, पेट्रोल येऊन राह्यलं. आता मार सेल्फ."

इंजिन खर्रखर्र फिरलं, पण धरलं नाही. बबलू डोळे मिटून ऐकत होता. "दोनच गोष्टी राह्यल्या," तो म्हणाला. "कॉईल, नाही तं सेन्सर. बॉनेट उघड. पट्ट्याच्या बाजूनं खाली पाह्य, अंगठ्याएवढी काळी डबी हाय, तिले वायर लागून हाय, तोच सेन्सर. दिसली? सांभाळून, हात भाजंल. फडकं ओलं करून तिच्यावर ठेव."

संगीताने पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून ओढणीचं टोक भिजवलं आणि त्या डबीवर दाबून धरलं. मधूनमधून ती पुन्हा पाणी टाकत होती. बबलू तिकडून, "थोडं डावीकडं," "आता रायू दे," असं म्हणत होता. पाचेक मिनिटांनी तिने सेल्फ मारला आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"सेन्सरच!" बबलू ओरडलाच. "बाकी सारं तापलेलंच हाय अन् तेवढंच थंडं केलं तं चालू झाली. म्हणजे सेन्सरच."

तो इतका खूश झालेला संगीताने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. एरवी त्याचा फोन यायचा तो दोन मिनिटांचा. जेवली काय, याडीची तब्येत कशी हाय, पाणी येते काय, आणि ठेवतो. गाडी बंद पडली की मात्र तो अर्धा-अर्धा तास बोलायचा. तिला बॉनेट उघडायला लावायचा, आवाज ऐकायचा, हे करून पाह्य, ते करून पाह्य सांगायचा. तेवढा वेळ तो अंगणातच उभा आहे असं वाटायचं. शेजारी बसलेली रुपीबाई त्यातलं काही न कळताही मान हलवत राहायची.

"आता कोठं नेऊ?" संगीताने विचारलं.

"यवतमाळले ने. कंपनीच्या वर्कशॉपमधी. मशीन लावून पाहतील, नवा सेन्सर बसवतील."

"भिया, यवतमाळ इथून चाळीस-पन्नास किलोमीटर हाय. रस्त्यात चार वेळा बंद पडंल. आर्णी इथं सहा किलोमीटरवर हाय. डोंगरसिंगकाकाकडं नेतो मी."

"तिथं नको," बबलू म्हणाला.

"काहून?"

"नको म्हणलं नं. गाडी वढून यवतमाळले ने. नाही तं घरीच नेऊन ठेव, मी आल्यावर—"

"आत्ता ट्रकनं चिरडलं असतं आमाले," संगीता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "याडीले घेऊन मी आणखी किती दिवस अशी गाडी चालवू?"

तिकडे कोणीतरी बबलूला हिंदीत हाक मारली. "मले जा लागते," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

संगीताने बॉनेट लावलं आणि गाडी आर्णीच्या रस्त्याला घेतली. काच उघडी ठेवून, हळूहळू. रुपीबाई एकदाच बोलली. "लग्न लागून जाईल आपण जायेपर्यंत."

"जेवाले तं पोचू."

डोंगरसिंगचं गॅरेज म्हणजे रस्त्याला लागून एक मोठी टिनाची शेड. डोंगरसिंग साठीचा होता, चष्म्याला दोरी बांधलेली. गाडी आत येताना पाहून तो हातातलं काम ठेवून उभा राहिला. संगीता खाली उतरायच्या आत तो बॉनेटजवळ आला होता.

"ही बबलूची गाडी."

"हो, काका. मी त्याची बहीण."

"त्यानं सांगतलं काय इथं आणाले?"

संगीता घुटमळली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "नाही. तो यवतमाळले ने म्हणे."

डोंगरसिंगने बॉनेट उघडलं आणि आत वाकला. "शरम वाटते त्याले," तो आतूनच म्हणाला. "संध्याकाळी सारे पाने जागच्या जागी ठेवून गेला अन् सकाळी आलाच नाही. मले वाटलं, बिमार पडला. मी तांड्यावर पाहाले निंगालतो, तं बसस्टँडवर एकानं सांगतलं, तो इमानात बसून मस्कतले गेला म्हणून." त्याने मान वर काढली. "हे शेड मी त्याच्याच हाती देणार होतो. त्याले माहीत होतं."

संगीताला हे माहीत नव्हतं. तिने गाडीचं दुखणं सांगितलं, ओल्या ओढणीचंही सांगितलं. डोंगरसिंग म्हणाला, कॉईलच असंल, या गाड्यांची कॉईल जाते. त्याने कॉईल बदलून पाहिली. गाडी चालू ठेवून तापू दिली. अर्ध्या तासाने ती बंद पडली.

रस्त्यापलीकडच्या पार्टच्या दुकानातून त्याने नवा सेन्सर आणला, खाली वाकून जुना काढला आणि नवा बसवला. "आता पाहू," म्हणत गाडी सुरू केली आणि तशीच सोडून दिली.

शेडच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मायलेकी बसल्या. इंजिनचा संथ आवाज येत होता. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला.

"ही नीट झाली," रुपीबाई हळूच म्हणाली, "म्हणजे त्याले काय राह्यलं इथं येऊन पाहाचं?"

संगीताने आईकडे पाहिलं. तू असं कसं बोलतेस, असं म्हणावंसं वाटलं, पण म्हणवेना. "मले बी तेच वाटे, याडी," ती म्हणाली. "म्हणून तं सहा महिने मी बी कोठं नेली नाही."

रुपीबाईने तिचा हात धरला आणि दोघी इंजिनकडे पाहत बसल्या. पाऊण तास झाला. गाडी बंद पडली नाही.

डोंगरसिंग हात पुसत आला. "त्याले फोन लाव," तो म्हणाला.

बबलूची जेवणाची सुट्टी चालू होती. फोनवर डोंगरसिंगचा चेहरा दिसताच त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"उस्ताद..."

"तू म्हणलं तेच निंगालं. सेन्सर."

"हो?"

"हो. तू फोनवरून वळखलं. मी इथं गाडीत डोकं घालून कॉईलवर गेलतो."

बबलू खाली पाहत राहिला. "उस्ताद, सांगून निंगालो असतो तं तुम्ही जाऊ देलं नसतं."

"नसतंच देलं." डोंगरसिंगने चष्मा काढून शर्टाला पुसला. "बरं, ते रायू दे. घरी कवा येतं तू?"

तिकडे कुठेतरी ताटल्या वाजत होत्या. बबलूचा आवाज एकदम खाली गेला. "नाही जमत, उस्ताद. या दिवाळीले बी नाही. मालक म्हणते, आणखी दोन वर्सं सुट्टी नाही. याडीले आत्ताच सांगू नका."

फोनचा स्पीकर चालू होता. रुपीबाई दोन हातांच्या अंतरावर बसली होती. डोंगरसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग संगीताकडे, आणि त्याला काय करावं सुचेना. रुपीबाईनेच हात पुढे केला. त्याने फोन तिच्या हातात दिला.

"आयकलं मी," ती म्हणाली.

"याडी..."

"जेव आधी. ताटावरून उठू नको." तिने फोन डोळ्यांजवळ नेला, त्याचा चेहरा नीट पाहिला. "वाळला तू. भाकर भेटते काय तिथं?"

"भेटते."

"कोण करून देते?"

"आम्हीच करतो. पाळीपाळीनं."

"तुले तं चूल पेटवता येत नव्हती." ती हसली. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "बबलू, मी तुले इतके दिवस विचारलं नाही. तुले घरी परत याचं वाटते काय?"

त्याने नुसती मान डोलावली, दोनदा. मग म्हणाला, "इंजिनचा आवाज ऐकव, याडी."

संगीताने फोन घेतला आणि बॉनेटजवळ धरला. पडद्यावर बबलू फोनकडे पाहत नव्हता. त्याने मान दुसरीकडे वळवली होती आणि ताट मांडीवर तसंच होतं. कोणीतरी त्याला हाक मारेपर्यंत तो ऐकत राहिला.

डोंगरसिंगने निघताना रुपीबाईचा हात धरून तिला सीटवर बसवलं. "गाडी महिन्यातून एकदा आणत जा," तो संगीताला म्हणाला. "काही नसलं झालं तरी."

दिग्रसला पोहोचल्या तेव्हा लग्न लागून दोन पंगती उठल्या होत्या. गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. मांडवात संगीताची मामी धावत आली, बायांनी रुपीबाईला खुर्ची आणून दिली आणि तिच्याभोवती कोंडाळं झालं. खुबा कसा हाय, पोरीचं लग्न कवा करतं, सगळं विचारून झालं. मग वाढणाऱ्या बाईने वांग्याची भाजी वाढता वाढता विचारलं, "अन् बबलू कवा येऊन राह्यला?"

संगीताने आईकडे पाहिलं.

"दोन वर्सं नाही येत तो," रुपीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण घरी परत याचं त्याच्या मनात हाय. त्यानंच सांगतलं मले आज."

तिने पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि जेवायला लागली.