खडी माझी सवत

मी घंटी बोलतेय. शाळेची नव्हे, दाराची नव्हे, सायकलच्या हँडलवरची. पितळेची वाटी, अंगठ्याने दाबायचा खटका, आणि स्वभाव म्हणाल तर जळका. ते आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की घंटीने गोड बोलून फसवलं.

माझं उमेदीचं वय एका पाववाल्याच्या सायकलवर गेलं. पहाटे भट्टीतून पाव निघाले की मागच्या पेटीत भरायचे आणि गल्लीगल्लीतून मला वाजवत फिरायचं. काय थाट होता माझा! मी एकदा ट्रिंग म्हटलं की दारं उघडायची. कुणी साबणाच्या हातांनी यायचं, कुणी एका पायात चप्पल घालून. पाववाल्याला हाक मारायची गरजच नव्हती. हाक म्हणजे मी.

शेवटचा थांबा लाकडाच्या वखारीचा. तिथे मोठी करवत दिवसभर किंचाळायची. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये, असा तो गोंगाट. पण मी फाटकाशी एकदा वाजले की करवतीवरची एक मुलगी भुसा झटकत बाहेर यायची. बाकी कुणाला पत्ता नसायचा. तिलाच कशी ऐकू येते, म्हणून पाववाला चकित. मग तो एकदाऐवजी तीनदा वाजवू लागला. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. आता हे लग्न कुणी जमवलं, तुम्हीच सांगा! मी त्याचा कधी गवगवा केला नाही, पण विसरलेही नाही.

ती पंचवीस वर्षं त्या करवतीजवळ उभी राहिली. तो पाव विकत राहिला. मग दोघांचीही कामं थांबली, आणि मुलाने आईबाबांना दोन नव्या सायकली आणून दिल्या. जाड टायरच्या, खडीवर चालणाऱ्या. पाववाल्याने जुन्या सायकलीवरून मला सोडवलं आणि नव्या हँडलवर बसवलं. "ही पाहिजेच," म्हणाला. मी इतकी फुलले की विचारू नका.

गावाबाहेर नदीच्या काठाकाठाने पूर्वी रेल्वे जायची. रूळ काढून तिथे आता बारीक खडी पसरली आहे. तोंडाशी तीन खांब ठोकलेत, त्यामुळे गाडीघोडं आत येत नाही. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कुरणं, मैलन् मैल निवांत. लोकांना स्वर्ग वाटतो. मला विचाराल तर घंटीच्या नशिबी येऊ नये अशी ती जागा. वाजायचं कुणासाठी? गाईंसाठी?

आणि जे चारदोन चालणारे भेटत, ते माझ्याआधीच बाजूला होत. कारण ती बया! खडी! चाक फिरलं की तिची करकर सुरू. ना सूर, ना ताल. पण लोक तिचं ऐकत, वळून हसत, वाट देत. माझ्यावर अंगठा यायच्या आत काम झालेलं असे.

तेही मी गिळलं असतं. पण वखारवाली नेहमी पुढे असे आणि पाववाला मागे. वळण आलं की तो लाडात मला वाजवी, जुन्यासारखं तीनदा. ती ढुंकूनही बघत नसे. एकदा नाही, दोनदा नाही, दर वळणावर. एके दिवशी दोघं पुलाजवळच्या बाकावर चहा पीत बसली होती. ती म्हणाली, "अहो, या खडीचा आवाज मला फार आवडतो. मागे वळून बघावंच लागत नाही. करकर आली की समजायचं, तुम्ही आहात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. करवतीच्या गोंगाटातून जिने मला ओळखलं, तिला आता दगडांची किरकिर गोड लागते! लग्न मी जमवायचं आणि कौतुक हिचं?

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते घडलं. पावसाने पुलापलीकडची कड पोखरली होती. पाववाल्याचं पुढचं चाक मऊ मातीत रुतलं आणि तो सायकलीसकट आडवा झाला. पाय खाली अडकला. धाप अशी लागली की तोंडातून शब्द फुटेना. हात मात्र माझ्यापर्यंत पोचत होता. त्याने मला वाजवलं. मी जीव तोडून वाजले. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! जन्मात इतकी वाजले नव्हते. कुरणातल्या गाईंनी माना वर केल्या. ती मात्र पुढे चाललेलीच. लहान लहान होत गेली.

मग ती थांबली, वळली, आणि सुसाट परत आली.

"करकर बंद झाली हो," त्याच्या पायावरची सायकल उचलत ती म्हणाली. "माझी एकटीचीच उरली, तेव्हा कळलं."

"अगं, मी केवढी घंटी वाजवली!"

ती त्याचा पाय चाचपू लागली. आणि मी? ओरडून मेले मी, आणि नुसतं गप्प बसून जिंकली ती खडी!

पाय मोडला होता. प्लास्टर चढलं. पाववाल्याने मला काढून आणायला लावलं आणि उशाशी ठेवलं. आत फरशी, गालिचा, भिंती. खडीचा एक कण नाही. आता बघू म्हटलं! त्याने वाजवलं. सून धावत आली. "काय हवं बाबा?" पुन्हा वाजवलं, पुन्हा सूनच. वखारवाली शेजारच्या स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तिने मानही वळवली नाही.

"तुझी सासू माझ्यावर रागावलीय," तो सुनेला म्हणाला. "पडलो ना मी वेंधळ्यासारखा." तीन दिवस तो तोंड पाडून होता. मलाही तेच वाटत होतं, फक्त रागाचं कारण मी आहे असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. "घंटी राहू दे. काही लागलं तर हा हलवा." त्याने हलवला. खडखड! आत नदीकाठची मूठभर खडी. सवत थेट घरात! माझ्या शेजारी, त्याच टेबलावर!

"अगं पण घंटीला झालंय काय?" त्याने विचारलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. "घंटीला काही नाही झालं. मलाच झालंय. बारीक आवाज येत नाहीत मला. किटलीची शिट्टी नाही, चिमण्या नाहीत. करवतीने नेले सगळे. जाडेभरडे तेवढे राहिलेत."

"कधीपासून?"

"झाली की सातआठ वर्षं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"हिचा आवाज ऐकूनच तर मी फाटकाशी यायचे ना हो. तीच ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

तो बराच वेळ तिचा हात धरून बसला. मी तिथेच होते. लाज वाटली मला. इतके दिवस जिच्यावर रुसले, तिने माझ्यासाठीच तोंड मिटून ठेवलं होतं.

सुनेने तिला डॉक्टरकडे नेलं. कानातलं यंत्र मिळालं. घरात चालतं, पण सायकलवर वारा त्यात असा घोंघावतो की ती ते काढून खिशात टाकते. प्लास्टर निघालं तेव्हा तिनेच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मला स्वतःच्या हँडलवर बसवलं. "मागून वाजवून काय उपयोग? मी पुढून वाजवते. तुम्हाला ऐकू येतं ना? तेवढं पुरे."

तेव्हापासून असं चाललंय. तो आता सावकाश येतो, मागे राहतो. वळण आलं की ती मला तीनदा वाजवते, म्हणजे त्याला कळतं ती कुठे आहे. त्याची करकर तिच्यापर्यंत पोचते, म्हणजे तिला कळतं तो आहे. सवतीबरोबर संसार करतेय म्हणा ना. जळणं गेलेलं नाही. तिला ती ऐकू येते, मी नाही, हे आजही खुपतं.

मला वाजवताना ती अंगठा खटक्यावर दाबून धरते. आवाज तिला येत नाही, पण माझी थरथर बोटाला लागते. तरी मी खरंच वाजले का, याची तिला खात्री नसते. म्हणून समोरून येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे ती बघते.

तेव्हा त्या वाटेने कधी आलात आणि मी ऐकू आले, तर नुसते बाजूला होऊ नका. बाजूला तर तुम्ही त्या खडीसाठीही होता. एक हात वर करा. तिला मी तेवढीच ऐकू येते.