हेडक्लार्कच्या टेबलाचा पाय

मी लाकडाचा ठोकळा बोलतोय. ट्रक उतारावर उभा केला की मागच्या चाकाखाली मला सारतात. माझं कर्तृत्व एवढंच. पण माझा जन्म या कामासाठी झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाईट दिवस आलेली मंडळी हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

मी एका हेडक्लार्कच्या टेबलाचा पुढचा उजवा पाय होतो. अस्सल सागवानी. डोक्यावर फायलींचे गठ्ठे आणि समोर हात चोळत उभी असलेली माणसं. ते हात टेबलामागच्या साहेबांसाठी चोळले जात, हे मला कळायचं. पण फुकट मिळालेला मान कोण परत करतो?

साहेब निवृत्त झाले तेव्हा कचेरीने जुनं सामान मोडीत काढलं. साहेबांनी टेबल घरी आणलं. दोन खोल्यांच्या घरात माणसं वळसा घालून चालू लागली.

"आता याच्यावर कोण बसणार?" बाईंनी विचारलं.

"चिरंजीव. परीक्षा देतील, कचेरीत लागतील."

चिरंजीव बसले. पुस्तक उघडं, कान रस्त्यावर. बाहेर एखाद्या जड गाडीने गिअर बदलला की याचा डावा पाय माझ्या शेजारी जमिनीवर दाबला जायचा, तिथे क्लच असल्यासारखा. मला दिसत होतं, पण टेबलाच्या पायाला कोण विचारतो? शेवटी त्यानेच तोंड उघडलं.

"बाबा, मी ट्रकवर जातो. आधी क्लीनर म्हणून. मग लायसन्स काढून ड्रायव्हर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलगा तोच होता.

"लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांगा."

"ते सोडून बोल."

यथावकाश त्याला लायसन्स मिळालं, गाडी मिळाली. त्याच सुमारास माझ्या तिन्ही भावांना वाळवी लागली आणि टेबल बसलं. मी तेवढा शाबूत राहिलो. मुलाने मला करवतीने कापलं, एका बाजूने उतार दिला आणि गाडीत टाकलं.

"माझ्या टेबलाचा पाय ट्रकच्या चाकाखाली?" साहेब म्हणाले.

"चांगलं लाकूड आहे बाबा. फेकवत नाही."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. आपला मुलगा आणि आपल्या टेबलाचा पाय एकाच दिवशी घसरले, असा काहीसा चेहरा होता. मुलाचं माहीत नाही, मला मात्र ते पटलं होतं.

मग घरात एक अलिखित परिपत्रक निघालं. गाडी गल्लीत आणायची नाही. गोदामामागच्या मोकळ्या जागेत उभी करायची, तिथल्या नळावर हातपाय धुवायचे, शर्ट बदलायचा आणि मग घरी यायचं. साहेब लोकांना सांगत, "मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये असतो." वाक्यात खोटं काही नव्हतं. जन्मभर मसुदे लिहिलेल्या माणसाचं वाक्य, त्यात सापडण्यासारखं काय असणार? ऐकणारेच आपणहून मुलाला बढत्या देत गेले. बघता बघता तो मॅनेजर झाला. साहेबांनी हरकत नोंदवली नाही.

एके दिवशी केबिनमध्ये साहेबांचा फोन आला. गाडी चालू होती, म्हणून मुलाने आवाज मोठा करून ठेवला होता.

"आमचे कॅशिअर आठवतात ना? मुलीच्या गावी राहायला चाललेत. सामानासाठी गाडी हवीय. मॅनेजरला सांगा म्हणाले."

"कोणत्या मॅनेजरला?"

साहेब खाकरले. "तुला."

मुलगा हसला. "पाठवतो गाडी."

"ड्रायव्हर दुसरा पाठव हं."

"दुसराच पाठवतो, बाबा."

दुसरा ड्रायव्हर नेमका तापाने आडवा झाला. सामान तर बांधून तयार. गेलो मग आम्हीच.

कॅशिअरांच्या दारात साहेब स्वतः देखरेखीला उभे होते. इस्त्रीचा शर्ट, मागे हात. केबिनचं दार उघडून मुलगा खाली उतरला आणि साहेबांचे मागे बांधलेले हात सुटले. मला चाकाखाली सारायला मुलगा वाकला. मग तो उठला, टोपी जरा पुढे ओढली आणि म्हणाला,

"नमस्कार, साहेब. ऑफिसने गाडी पाठवलीय."

स्वतःच्या बापाला.

साहेबांनी नुसती मान हलवली. कॅशिअरांनी या मुलाला पाहिलं होतं ते त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हा. दाढीतला हा धुळकट माणूस ते कुठून ओळखणार?

"ए ड्रायव्हर, आरशाचं कपाट जपून! तुझ्या बापाचं नाही ते!" कॅशिअर ओरडले आणि साहेबांकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही नशीबवान. तुमचा मुलगा खुर्चीत बसून हुकूम सोडतो. नाहीतर हे बघा, जन्मभर चाकं फिरवायची."

"हं," साहेब म्हणाले.

सामान भरून झालं. मुलाने मला उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि खिडकीतून हाक दिली, "साहेब, जरा बाजूला व्हा. गाडी मागे येतेय."

साहेब बाजूला झाले. भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले. मी लाकूड, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

वाटभर कॅशिअर बोलत होते.

"तुझ्या त्या मॅनेजरला ओळखतोस का रे?"

"ओळखतो. रोज भेटतो."

"कसा आहे स्वभावाने?"

"बरा आहे. वडिलांना फार घाबरतो."

"बघ! याला म्हणतात संस्कार."

मुलाने गिअर बदलला. जरुरीपेक्षा जरा जोरातच.

परत आल्यावर गाडी गोदामामागे उभी राहिली, मीही चाकाखाली गेलो. पण मुलाने नळावर हातपाय धुतले नाहीत, शर्ट बदलला नाही. केबिनमध्येच आडवा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. आईचे फोन वाजत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या कोपऱ्यावरून साहेब आले. इथे ते पहिल्यांदाच येत होते. हातात डबा होता, आणि तो लपवावा कसा हे न सुचल्याने पोटाशी धरलेला.

"घरी का येत नाहीस?"

मुलगा केबिनमध्ये उठून बसला. "साहेबांच्या घरी ड्रायव्हर कसा येणार?"

साहेबांनी डबा पायरीवर ठेवला.

"आई काळजी करतेय," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मला झोप नाही." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तू मला साहेब म्हणालास आणि मी मान हलवली. मला लाज वाटते रे."

"माझी?"

"नाही. या वेळी नाही."

साहेबांनी डबा उचलून त्याच्या हातात दिला. मग साहेब म्हणाले, "गाडी काढ. घरासमोर लाव."

"गल्लीत उलटी घालावी लागेल. मागे कोणीतरी उभं राहायला लागतं, आणि ओरडायला लागतं."

"मी राहतो."

गल्लीच्या तोंडाशी साहेब उतरले आणि गाडीमागे जाऊन उभे राहिले. "येऊ दे," ते म्हणाले. देवघरात म्हणावं तसं.

"ऐकू येत नाही, बाबा! मोठ्यानं!"

"येऊ दे... येऊ दे!"

एक खिडकी उघडली. मग दुसरी. समोरचे शिंपी गळ्यातली टेप सावरत दारात आले. साहेबांचे कान लाल झाले, पण आवाज चढत गेला. "येऊ दे! थोडी डावीकडे! माझ्या नव्हे, तुझ्या! येऊ दे! बस, बस!"

गाडी थांबली. शिंप्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, कोणाची हो गाडी?"

साहेबांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"गाडी मालकाची आहे," ते म्हणाले. तिथेच थांबता आलं असतं, मसुदा निर्दोष होता. पण ते थांबले नाहीत. "ड्रायव्हर आमचा. मुलगा माझा."

शिंपी "अस्सं" म्हणाले आणि त्या एका शब्दात जे काही घालायचं ते सगळं घातलं. साहेबांनी मान खाली घातली. घरात मात्र पळाले नाहीत.

तेव्हापासून मी या दारात, चाकाखाली असतो. साहेब संध्याकाळी ओट्यावर बसतात. गल्लीतून कोणी गाडीकडे बघत गेलं की चेहऱ्यासमोरचं वर्तमानपत्र अजून थोडं वर सरकतं. माझी तुम्हाला एवढीच विनंती, इकडून जाल तेव्हा त्यांच्याकडे टक लावून बघू नका. बोललेलं वाक्य ते परत घेणार नाहीत. फक्त ते अंगवळणी पडायला त्यांना थोडा वेळ लागेल.