कादंबरीचं सोंग

देवजी मास्तरांनी एकदा शब्द दिला की दिला. शाळेत असताना या गुणाचं कौतुक व्हायचं. निवृत्तीनंतर तोच गुण घरच्यांच्या मुळावर आला. मुलगी हर्षदा जातीबाहेरच्या एसटी कंडक्टरशी लग्न करून आली, तेव्हा मास्तर जामसर गावच्या घराच्या अंगणात चार माणसांदेखत म्हणाले, "यापुढं तुझं तोंड बघणार नाही." बोलले आणि पाळत बसले. ती माहेरी आली की हे ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचे. अशानं मान आखडते, पण हट्ट काही सुटत नाही.

हर्षदा जव्हारच्या वाचनालयात पुस्तकं बांधायची. ठाण्याला शिकून आली होती, हातात सफाई होती. शहाण्णव साली आईनं, कमूनं, गुपचूप एक बोचकं पाठवलं. आत एक कादंबरी होती. जुनी, नावाजलेली, लहानग्या हर्षदाला मांडीवर घेऊन बाबांनी वाचून दाखवलेली. पुठ्ठा गेलेला, पानं सुटलेली. आईचा निरोप होता, तुझ्या हातानं बांधून आण; तुझ्याशी बोलत नसले तरी पुस्तकाशी बोलतील.

साधी काळी बांधणी करून द्यायला काय जात होतं? पण हर्षदाला ते पटेना. हे पुस्तक असं सजवायचं की बाबांना वळावंच लागेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं पानांचे फर्मे नव्यानं शिवले, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं, पाठीला गर्द तांबडं कापड लावलं. मुखपृष्ठावर तिला नायिकेचा चेहरा हवा होता, तोही उठावाचा, हाताला लागणारा. तसं काम करणारा तिच्या माहितीत एकच, मोखाड्याचा तुका. बोहाड्याच्या उत्सवात देवादिकांची जी सोंगं नाचवतात, त्यांचे मुखवटे तो कागदाच्या लगद्यातून घडवायचा. ती पुठ्ठा घेऊन त्याच्या दारी गेली.

"दिसाया कशी हाय ती?" तुकानं विचारलं.

"पुस्तकात लिहिलेलंच नाही, तुकादादा. बाबा म्हणायचे नाकेली असणार, मी म्हणायची बसक्या नाकाची. भांडायचो आम्ही."

"मंग माझा मी बघतू," म्हणत त्यानं पुठ्ठा ठेवून घेतला.

पुढच्या बाजाराला ती गेली आणि पुठ्ठा बघून हरखली. रुंद गालांची, बसक्या नाकाची, कपाळावर गोंदण असलेली बाई; हुबेहूब तुकाची बायको गंगी. गंगी चुलीपाशी पदराआड हसत होती. पण पुठ्ठा उजेडाकडं धरला, तर दोन ठिकाणी उजेड आला. तुकानं डोळ्यांच्या जागी आरपार भोकं कोरली होती.

"अहो, हे काय केलंत! पुस्तक आहे हे. झुरळं शिरतील आत!"

तुका पार गोंधळला. डोळे बुजलेला चेहरा त्यानं उभ्या जन्मात केला नव्हता. "डोलं नाय कोरलं त सोंग आंधलं, बाय. आतल्या मानसानं बघायचां कसां?"

"आत माणूस नसतो, गोष्ट असते."

"चुकलां मंग. बुजवून देतू," तो ओशाळून म्हणाला. मग पुठ्ठा हातात फिरवत पुटपुटला, "तुझा बापूस सोंग घेवून नाचायचा, मी बघलाय. ज्याच्याशी वर्सभर बोलणां नाय, त्याच्याबी दारी जायचा. सोंग चढलां का तो मास्तर नाय रहत, देव होतो. देवाला कसला अबोला?"

हर्षदानं पुठ्ठा त्याच्या हातातून काढून घेतला. "राहू दे," ती म्हणाली, "आहे तसाच राहू दे."

घरी आतलं अस्तर चिकटवताना तिनं त्यालाही तशीच भोकं कापली. नवरा गोकुळ ड्यूटीवरून आला, तर समोर पुठ्ठ्याआडून दोन डोळे! "तिकीट काढलं का बाई?" त्यानं हात जोडून विचारलं. हर्षदा हसली, पण तेवढ्यापुरतीच. बाबांनी पुस्तक हातातच घेतलं नाही तर आणखी काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

जामसरला मास्तर नेहमीप्रमाणे भिंतीकडं तोंड करून बसलेले. हर्षदा मागं उभी राहिली. कमूनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "पोरीनं बांधलंय," एवढंच म्हणाली. मास्तरांची बोटं त्या चेहऱ्यावरून फिरली, नाकापाशी थांबली.

"बसकंच केलं शेवटी," ते भिंतीला म्हणाले.

हर्षदाला हसू आणि रडू एकदमच आलं. मग ती बोटं डोळ्यांच्या भोकांत शिरली, पलीकडं निघाली. शेवटी त्यांनी पुस्तक उघडलं, पुठ्ठा तोंडापुढं धरला आणि सावकाश वळले. रुंद गालांच्या त्या बाईच्या आतून म्हाताऱ्याचे पाणावलेले डोळे लेकीकडं बघत होते.

"किती बारीक झालीस गं," सोंग म्हणालं.

कमूनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. पुस्तक जाडजूड, मास्तरांचे हात थकलेले. ते भरून आले, तरी त्यांनी पुस्तक खाली घेतलं नाही. खाली घेतलं असतं तर बघणं संपलं असतं. हर्षदा पुढं झाली, बापासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी पुस्तक खालून उचलून धरलं.