काठाचे दोन दोरे

उत्कर्षाने चादर फिरवली आणि पुन्हा कॅमेऱ्याखाली अंथरली. उजवा काठ आता डावीकडे गेला होता. दोरा खरोखर तुटलेला असता, तर पडद्यावरची लाल खूणही डावीकडे जायला हवी होती. ती गेली नाही. पूर्वी रोज उमटायची तिथेच, उजव्या काठाला चिकटून बसली होती.

तिने चादर पुन्हा फिरवून पाहिली. खूण तिथेच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या कारखान्यात चादरी तपासणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. कॅमेरा एकेक उभा दोरा पाहायचा आणि तुटलेल्या दोऱ्यावर लाल खूण यायची. खुणा आल्या त्या फक्त राजेसाबच्या चादरींवर. एकतीस वर्षं मागावर काढलेला माणूस, काठावर हात ठेवून सांगत राहिला, "ताई, दोरा शाबूत हाय की." तेव्हा उत्कर्षाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "यंत्राला तुमच्याशी वैर आहे का, चाचा?" लोक हसले होते. तीही हसली होती.

पुढचं मालकांनी, अनिलकुमारांनी, मनावर घेतलं. खूण आलेली चादर राजेसाबच्या खांद्यावर टाकायची आणि पाळी सुटताना त्याला फाटकात उभं करायचं. चार महिने हा तमाशा चालला. मग त्याचे माग दुसऱ्याला दिले, त्याला पॅकिंगला बसवलं, आणि खुणा बंद झाल्या. एवढा पुरावा सगळ्यांना पुरला.

आज नव्या कॅमेऱ्याच्या चाचणीसाठी त्याचीच एक बाद चादर हाती लागली, म्हणून हे कळलं.

तिने प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. चूक नव्हती. मग तिने कंपायलरला, म्हणजे तिचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, वेगासाठीच्या युक्त्या बंद करायला सांगितलं. खूण गेली. युक्त्या चालू केल्या, खूण हजर. वेगासाठी कंपायलरने एकेक दोऱ्याचं काम आठ-आठच्या गटांत बांधलं होतं. गटात न बसणारे शेवटचे दोरे तपासायचेच राहत होते, आणि न तपासलेला दोरा तुटलेला धरला जात होता.

मग बाकीच्यांच्या चादरी कशा सुटल्या? तिने आकडे पाहिले. बाकीच्यांचे दोरे दोन हजार चारशे, आठाने बिनबोभाट भागणारे. राजेसाबचे दोन हजार चारशे दोन. काठ लवकर उसवू नये म्हणून तो दोन्ही बाजूंना एकेक दोरा जादा चालवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे चूक तुमची," तिचं सगळं ऐकून अनिलकुमार म्हणाले.

"कंपायलरची. आणि न तपासता मान डोलावली ती माझी. त्यांचे माग परत द्या, साहेब."

"चार महिने मी त्याला फाटकात उभं केलं, मॅडम. आता काय, मी उभं राहू?" ते हसले. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "बरं. पाळी सुटताना हीच चादर सगळ्यांसमोर लावा, तुमच्या दुरुस्त प्रोग्रामवर. एकही खूण नाही आली तर माग त्याचे."

चादर घेऊन ती पॅकिंगकडे धावतच गेली. राजेसाबला तिने सगळं सांगितलं.

"न्हाय ताई. यंत्र बरोबर हाय. दुसरा मानूस बसला आन् खुना बंद झाल्या की."

"अहो, तुमच्या जादा दोऱ्यामुळे यंत्र चुकलं!"

"त्योच नडला म्हना की."

"हात लावून बघा. तुम्हीच सांगा."

त्याने काठावरून अंगठा फिरवला. पूर्वी हा अंगठा सरसर जायचा. आता तो अडखळत, चाचपडत चालला आणि मध्येच थांबला.

"हितं. हितं तुटलाय बगा."

दोरा धडधडीत शाबूत होता. तिला स्वतःचीच लाज वाटली, रडू आलं. तेवढ्यात भोंगा झाला, मालकांची हाक आली.

"चादर घेऊन या, चाचा," म्हणत ती यंत्र चालू करायला पळाली.

कामगार गोळा झाले. राजेसाबने चादर कॅमेऱ्याखाली अंथरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या.

उजव्या काठावर लाल खूण उमटली.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. उत्कर्षाने काठ उचलून डोळ्यांजवळ धरला. वीतभर जागेतला कडेचा दोरा खरंच नव्हता. राजेसाबने मूठ उघडली. आत तो दोरा होता.

"तुटका व्हता, ताई. कातरून काडून टाकला. म्हनलं, सगळ्यांम्होरं तुमची मान खाली नको जायला."

"साहेब, दोरा चांगला होता! यांनी आत्ता..."

"चांगला दोरा त्याला तुटका वाटला?" अनिलकुमार शांतपणे म्हणाले. "मग हात गेलाच की त्याचा."

उत्कर्षाने पडद्याकडे पाहिलं. प्रोग्राम आता बरोबर चालत होता.

राजेसाबने चादरीची घडी घातली, ती खांद्यावर टाकली आणि कुणी सांगायच्या आत तो फाटकाकडे चालू लागला.