व्हिनेगरात बुडवलेली कालवं

बंदरावर कालवं उघडून विकणाऱ्या थोरल्याचा हात भारी सफाईदार होता. सुरीचं टोक शिंपल्यांच्या सांध्यात घालून मनगट वळवलं, की कालव उघडलंच. वर लिंबू पिळून तो ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. कुणी कच्चं खायला कचरलं तर हसून म्हणायचा, "अहो, आंबटापुढे कुठला जंतू टिकतोय?" वडिलांकडून ऐकलेलं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

धाकटा भाऊ लिव्हरच्या दुखण्यानं पार खंगून दवाखान्यातून घरी आला, तेव्हा त्याची अन्नावरची वासनाच उडाली होती. बायको मऊ भात भरवायची, लेक लाडीगोडी लावायची. हा दोन घासांत तोंड फिरवायचा. ते बघून थोरल्याचा जीव तुटायचा. एका सकाळी तो त्याला खांद्याचा आधार देत दुकानावर घेऊन आला.

"दादा, डॉक्टर कच्चं नको म्हणालेत," धाकटा म्हणाला. नजर मात्र समोरच्या कालवांच्या ताटलीवरून हलेना.

"त्यांचं काय जातंय सांगायला! तुझ्यासाठी खास व्हिनेगरात बुडवून ठेवलीत. मी तुला भलतंसलतं देईन का?"

धाकट्यानं खाल्ली. बोटं चाटली, डोळे मिटून म्हणाला, "जिवात जीव आला रे." थोरल्यानंही त्याच ताटलीतली चार खाल्ली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला हुडहुडी भरली. ताप चढत गेला, पायांवर काळेनिळे फोड आले. दवाखान्यात नेईपर्यंत तो माणसं ओळखेनासा झाला होता.

"कच्ची कालवं खाल्ली होती?" डॉक्टरीणबाईंनी पाय बघताच विचारलं.

"व्हिनेगरातली होती, बाई. मीपण खाल्ली, मला काही झालं नाही. आंबटानं जंतू मरतात ना?"

"वरवरचे काही मरतात. कालवाच्या आतले तसेच राहतात, ते शिजवल्याशिवाय मरत नाहीत. तुमचं लिव्हर धड आहे, तुम्ही निभावलंत. यांच्या अंगात ती ताकद नव्हती."

त्याच आठवड्यात धाकटा गेला.

माणसांची वर्दळ ओसरल्यावर एके दिवशी भावजय थोरल्यासमोर येऊन बसली.

"भाऊजी, एकच विचारते. यांनीच हट्ट केला ना? खाण्यापुढे ते कुणाचं ऐकायचे नाहीत."

तिनं होऊनच त्याला वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता. मीच दिली."

भावजयीनं उठून दार उघडलं.

"यापुढे इकडे येऊ नका."

आवाज जराही चढला नव्हता. थोरल्यानं खाली मान घालून चपला पायांत सरकवल्या. आतून लेकीनं विचारलं, "आई, काका आज जेवायला नाही थांबणार?" आईचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही. दार लागलं होतं.